काटेवाले मामा आणि पाण्याजवळचा दगड

आमच्या मामांनी आयुष्यभर ट्रक तोलले. वस्तीच्या टोकाला दगडाची खाण होती, खाणीच्या तोंडाशी वजनकाटा होता आणि काट्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या काचेला नाक लावून, आमचे मामा बसलेले असत. रिकामा ट्रक तोलायचा, भरलेला तोलायचा, फरक काढायचा, एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामात माणूस किती लबाडी करू शकतो, हे मामांना विचारावं. रिकामा ट्रक तोलताना ड्रायव्हर केबिनमध्ये दोन माणसं आडवी लपवायचे, म्हणजे रिकामं वजन जास्त भरायचं. भरलेला तोलताना एक चाक हळूच काट्याच्या प्लेटबाहेर ठेवायचे, म्हणजे भरलेलं वजन कमी. मामा बाहेर येत, ट्रकभोवती एक फेरी मारत, वाकून चाकं बघत, मग केबिनचं दार उघडून म्हणत, "या, उतरा मंडळी, पाय मोकळे करा." ड्रायव्हर हसून नमस्कार करायला लागला की मामा फेरी पुन्हा मारत. हसणारा माणूस काहीतरी लपवतोय, हे त्यांचं ठाम मत होतं आणि आहे.

नोकरी संपली तरी काटा सुटला नाही. कुलूप लावल्यावर ते ओढून बघतात, मग दहा पावलं जाऊन परत येतात आणि पुन्हा ओढतात. दुधाचा वास घेतात, औषधाच्या बाटलीचं बूच तपासतात. गॅसचा सिलिंडर आला की तो घरच्या वजनयंत्रावर चढवतात, आणि एकदा तर, यंत्रच फसवत असेल या शंकेने, सिलिंडर आणणाऱ्यालाही त्यावर उभं केलं होतं. माझी आई लवकर गेली, म्हणून मी मामा-मामींकडेच वाढले. लग्नाच्या वेळी मामांनी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला घरात बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन त्याच्या चपला उलट्या करून पाहिल्या. तळ एका बाजूने झिजलेला नव्हता, म्हणून स्थळ पसंत पडलं. आता आम्ही त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि नवरा अजूनही चपला आत घेऊन येतो.

मामी अगदी उलट. त्या कोणालाही काहीही विचारतात. रस्ता विचारायला थांबल्या तर रस्ता सांगणाऱ्याच्या सुनेचं बाळंतपण कुठे झालं इथपर्यंत माहिती घेऊन येतात. मामा म्हणतात, "हिला सगळे खरं सांगतात, कारण हिला फसवण्यात कोणाला मजाच येत नसेल." मामी म्हणतात, "विचारलं की लोक सांगतात हो. तुम्ही विचारतच नाही, नुसते बघता."

खाण बंद पडली, पंप थांबले आणि खड्ड्यात पाणी साठत गेलं. बघता बघता तिथे तळं झालं. भोवतीच्या मोकळ्या जागेत झुडपं उगवली आणि आजूबाजूची माणसं सकाळी तिथे फिरायला जाऊ लागली. आमचीही एक टोळी होती. मामा, मामी, मी, एक दातांचे डॉक्टर, शाळेतून निवृत्त झालेल्या हेडमास्तरीण बाई आणि एक शिंपी. जुन्या काट्यापाशी जमायचं आणि उतारावरून थेट पाण्यापर्यंत जायचं. पाण्याच्या कडेला एक सपाट दगड होता, खाणीतून काढलेला पण कोणी न नेलेला. मामी त्या दगडावर बसायच्या आणि आम्ही पुढे फिरून यायचो.

त्या दगडाची गोष्ट नीट सांगायला हवी. मामींना काचबिंदू होता. थेंब चालू होते, शस्त्रक्रिया झाली होती, तरी अंधार नजरेला कडेकडेने खात आत येत होता. माणसं त्या आवाजावरून ओळखायच्या. उतार त्यांच्या पायांना पाठ होता, कुठे खडी आहे, कुठे मऊ माती आहे, सगळं. पण दगडावर बसल्यावर सकाळचं ऊन पाण्यावर पडायचं आणि तो लखलखाट मात्र त्यांना दिसायचा. चेहरे गेले, अक्षरं गेली, पण पाण्याची चमक होती. परत येताना त्यांचा चेहरा असा असायचा की मामासुद्धा त्याच्यावर शंका घेत नसत.

अशात नगरपालिकेचा फलक लागला. खाणीच्या जागेवर निसर्ग उद्यान होणार होतं. लोकांना फिरायला जागा, आणि झाडं, गवत, पक्षी यांना त्यांची जागा परत. मामांनी फलक खालून वर आणि वरून खाली वाचला. म्हणाले, "दोघांनाही जागा देणार म्हणतात. एका ट्रकमध्ये दोन ट्रकांचा माल भरणार म्हणतोय हा. कुठेतरी पाणी मुरतंय."

पाठोपाठ ती आली. उद्यानाचा आराखडा करणारी बाई, चाळिशीची असेल. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात दुर्बीण, काखेत घडीचं स्टूल. उंचवट्यावर स्टूल मांडायची आणि बसून राहायची. ना मोजपट्टी, ना मजूर. कधी पक्ष्यांकडे बघे, पण बहुतेक वेळ आमच्याकडेच. आम्ही तिचं नाव स्टूलवाली ठेवलं.

मला तर ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही, उगाच खोटं का बोला. आपण दमून, केस विस्कटून चाललेलो असताना कोणी दुर्बिणीतून बघतंय, हे कोणाला आवडेल? हेडमास्तरीण बाई एकदा थेट गेल्या आणि विचारलं, काय करता तुम्ही इथे?

ती म्हणाली, "तुम्ही कुठून कुठून चालता, ते बघते."

"ते कशासाठी?"

"काम पुरं झालं की सांगेन. आत्ता सांगितलं तर बिघडेल."

आत्ता सांगितलं तर बिघडेल! एवढं वाक्य मामांना पुरेसं होतं. संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना आमच्या स्वयंपाकघरात बसवलं, खिडकी लावून घेतली आणि ओट्याला टेकून उभे राहिले. सुतावरून स्वर्ग गाठावा तो मामांनीच.

"काट्यावर असंच व्हायचं," ते म्हणाले. "कंपनीचा माणूस यायचा, दिवसच्या दिवस लांब बसून राहायचा. ट्रक कुठल्या चोरवाटेने काटा चुकवून जातात, ते बघायचा. आणि एक दिवस त्याच वाटेवर तारेचं कुंपण! ही तेच करतेय. आपण जिथून जातो ती वाट ती बंद करणार."

"पण का बंद करेल?" शिंप्याने विचारलं.

"माणसांचा त्रास होतो ना पाखरांना! आपण दिसलो की आपल्याला हाकलणार. तिला पाण्याची वाट यापुढे दिसताच कामा नये. उद्यापासून कोणी तिकडे फिरकायचं नाही. आपण उलट्या बाजूने चढायचं, दगड फोडायच्या यंत्राची ती पडकी भिंत आहे ना, तिला वळसा घालून खाली यायचं. करू दे त्या वळशावर कुंपण. पाणी आपलं शाबूत राहील."

डॉक्टरांना यात मजा वाटली. मलाही वाटली, कारण स्टूलवालीला बनवायचं होतं. मामींना तेवढी वाटली नाही. त्या म्हणाल्या, "अहो, तिला सरळ विचारा ना. म्हणावं, बाई, एवढी एक जागा ठेव."

"विचारलं की सावध होतात," मामा म्हणाले. "आपल्याला काय हवंय ते कळलं की तेच पहिलं काढून घेतात. थोडे दिवस कळ काढ. सगळं तुझ्यासाठीच चाललंय."

मामींनी कळ काढली.

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात उलट्या बाजूने निघाली. चढ दमवणारा, वाटेत काटेरी झुडपं, आणि त्या पडक्या भिंतीला घातलेला वळसा म्हणजे निव्वळ मूर्खपणा होता. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. पण मामा पुढे, हात मागे बांधून, जणू तिथे जन्म गेला अशा थाटात चालायचे आणि मध्येच हळू आवाजात म्हणायचे, "बघतेय. वळू नका. डॉक्टर, जरा हसा, आवडतंय असं दाखवा." इतर फिरणाऱ्यांनाही त्यांनी पटवलं. पाण्याकडे साप निघाला अशी हूल कोणी उठवली ते मी सांगणार नाही, पण तो साप मामांच्या वर्णनानुसार दर आठवड्याला लांब होत होता. हळूहळू सगळी वस्ती त्या वळशाने जाऊ लागली. गवत दबलं, माती घट्ट झाली आणि भिंतीभोवती चांगली रुंद पायवाट पडली. स्टूलवाली बघत होती. मामा खूश होते.

मामी माझा हात धरून चालायच्या. नवीन वाटेवर त्यांचे पाय सारखे अडखळायचे. भिंतीपाशी आल्या की विचारायच्या, "पाणी कुठल्या बाजूला गं?" मी त्यांचा खांदा धरून वळवायची. त्या थोडा वेळ तोंड तिकडे करून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "लांब आहे. इथून ती चमक नाही लागत." घरी आल्यावर एकदा त्यांनी मामांना विचारलं, अजून किती दिवस. मामा म्हणाले, आता थोडेच, ती कंटाळून जाईलच. थोडे दिवस थोडे दिवस म्हणता म्हणता थंडी गेली, उन्हाळा गेला, पाऊसही येऊन गेला आणि पुन्हा थंडी आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलले. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, जे गेलं ते परत येणार नाही, जे आहे ते टिकवू. मामा बाहेर बाकावर बसून थेंबाच्या बाटलीवरची तारीख तपासत होते.

उन्हं पुन्हा तापायला लागली तेव्हा आराखडा तयार झाला. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. भिंतीवर मोठा नकाशा लावला होता, त्यात काही भाग हिरवा आणि त्यातून तपकिरी रेघा. मामी पहिल्या रांगेत बसल्या, मी शेजारी, मामा मागे दारापाशी, म्हणजे काही झालं तर निघता येईल.

स्टूलवालीला बोलता छान येत होतं, हे मला कबूल करावं लागतं. ती म्हणाली, "आधीच्या एका कामात मी लोकांना विचारत बसले, तुम्हाला कुठे चालायला आवडेल. सगळ्यांनी भलतंच सांगितलं. एका दुकानदाराने तर आपल्या दुकानापर्यंत वाट पडावी म्हणून घरची माणसं चालायला लावली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. नुसतं बघायचं. माणसं खोटं बोलतात, पाय बोलत नाहीत."

मग तिने काठी नकाशावर ठेवली. "तुम्ही जिथून खरंच चालता, त्या सगळ्या वाटा मी ठेवल्या आहेत. त्यांनाच फरसबंदी, कठडा, बाकं. एकही वाट बंद केलेली नाही. आणि जिथे तुम्ही जातच नाही, तो भाग पूर्ण बंद. तिथे माणसाचं पाऊल नाही. तो गवताचा आणि पक्ष्यांचा."

मी नकाशाकडे बघत होते. चढावरून जाणारी, पडक्या भिंतीला वळसा घालणारी ती मूर्ख वाट ठसठशीत तपकिरी रंगात काढलेली होती. पाण्याच्या कडेला सगळं हिरवंगार होतं.

मामींना नकाशा दिसत नव्हता. त्यांनी हात वर केला. "बाळ, पाण्याजवळ एक सपाट दगड आहे. त्याचं काय केलंस?"

"तो बंद भागात आलाय, काकू. तिकडे कोणीच जात नाही. सुरुवातीचे थोडे दिवस सोडले तर इतक्या महिन्यांत एक माणूस गेला नाही."

डॉक्टर बुटांकडे बघायला लागले. हेडमास्तरीण बाईंनी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाई," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "पाय खोटं बोलत होते. मीच शिकवलं त्यांना."

स्टूलवालीला आधी कळलंच नाही. मग डॉक्टरांनी आणि शिंप्याने मिळून सगळं सांगितलं. ती खाली बसली. तिचा राग मला दिसत होता आणि खरं सांगते, मला तिच्या रागाचा राग आला. अगं बाई, तू तरी कुठे विचारलंस? पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतंस तर आम्ही त्या भिंतीभोवती झक मारायला गेलो असतो का? पण हे मी मनातच ठेवलं. घरी जाताना मामी एवढंच म्हणाल्या, "दोघं एकमेकांकडे दुर्बीण लावून बसलात. मला कोणी विचारलं नाही." मामांनी त्या दिवशी कुलूप एकदाच ओढलं.

दुसऱ्या सकाळी स्टूलवाली आमच्या दाराशी आली. म्हणाली, नकाशा अजून बदलता येईल, पण आधी चला, काहीतरी दाखवायचं आहे. आम्ही तिघं तिच्याबरोबर गेलो. जुन्या उताराच्या डोक्यावर तिने थांबवलं. खाली गवत गुडघाभर झालं होतं, पाण्याच्या कडेने लव्हाळे उगवले होते. मामींची पायवाट पुसून गेली होती. तिने दुर्बीण मामांच्या हातात दिली. मामांनी आधी ती उलटीसुलटी करून पाहिली, काचेवर नख मारलं, मग डोळ्याला लावली.

"दगड दिसला?"

"दिसला."

"त्याच्या डाव्या अंगाला, खडीत."

मामा बराच वेळ बघत होते. "टिटवी बसलीय."

"अंड्यांवर आहे. आणखी दोन घरटी आहेत पलीकडे. आधी इथे एकही नव्हतं, माणसांची ये-जा होती ना. उघड्यावर अंडी घालते ती, पाय पडला की संपलं."

मामांनी दुर्बीण खाली घेतली आणि तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही आणून ठेवली नाहीत ना?"

ती पहिल्यांदा हसली. "मी नाही. तुम्ही आणलीत. तुम्ही सगळ्यांना अडवलंत म्हणून आली." मग ती मामींकडे वळली आणि हे तिला जड गेलं असावं, कारण ती घसा खाकरून बोलली. "काकू, मी विचारतेय. दगडापर्यंत वाट केली तर ही पाखरं राहणार नाहीत. पण तुम्ही म्हणालात तर वाट करते. तुम्हाला काय हवंय?"

मामी म्हणाल्या, "आधी मला पाण्याकडे तोंड करून उभं करा."

मामांनी त्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना वळवलं. सूर्य चांगला वर आला होता. पाणी असं तळपत होतं की मला डोळे किलकिले करावे लागले. मामी मान थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे करून बघत राहिल्या.

"ऊन पडलंय का पाण्यावर?" त्यांनी विचारलं.

मामा म्हणाले, "पडलंय."

"हो का," मामी म्हणाल्या. मग त्यांनी स्टूलवालीचा हात चाचपून धरला. "राहू दे मग त्या पाखरांना. मला आता इथून काय आणि तिथून काय."

मामा तिथेच, उतारावर, खाली बसले. त्यांच्या रडण्याचा आवाज येत नव्हता, पण पाठ हलत होती. मामी म्हणत होत्या, "अहो, उठा, गार लागेल," आणि ऊन तर कडक होतं.

उद्यान झालं. लोक येतात, वळशाच्या वाटेने चढतात आणि दमून म्हणतात, कोणा शहाण्याने ही वाट काढली? मामा ऐकून घेतात. बंद भागाच्या कुंपणाकडे ते दिवसभर डोळा ठेवून असतात. कोणी तारेजवळ नुसतं वाकलं तरी विचारतात, काय पडलं, दाखवा. स्टूलवालीने त्यांना आपली जुनी दुर्बीण दिली आहे. मामांनी ती घेण्याआधी विचारलं होतं, चांगली आहे तर मग देताय कशाला?

भिंतीपाशी, वळशावर, एक बाक आहे. रोज सकाळी मामा मामींना हाताला धरून तिथे आणतात आणि दुर्बीण लावून पलीकडचं सगळं सांगतात. पाणी कुठवर आलंय, ऊन कसं पडलंय, टिटवीची पिल्लं काय करतात. परवा मीही गेले होते. मामा सांगत होते, पिल्लं दगडाभोवती पळतायत, एक तर आत्ता आईच्या पायात आलं होतं. मी दुर्बीण मागितली. दगडाभोवती नुसती खडी होती. पिल्लं कधीच मोठी होऊन उडून गेली होती, आणि पाण्यावर ढगांची सावली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामांनी माझ्याकडे पाहिलं. केबिनमध्ये लपलेली माणसं सापडल्यावर ड्रायव्हर मामांकडे असंच बघत असतील.

"आणि ऊन?" मामींनी विचारलं.

"पडलंय ना. लखलखतंय सगळं," मामा म्हणाले.

"तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच," मामी म्हणाल्या आणि चेहरा पाण्याकडे करून बसल्या. मामांनी दुर्बीण माझ्याकडून काढून घेतली आणि तिच्या काचा पुसत राहिले.